शालेय जलपरीक्षण

शालेय जलपरीक्षण : पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणाच्या पायऱ्या माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहणे आणि घरच्या, गावच्या पाण्याचे नमुने तपासणे, असा अध्यापनप्रकार. महाराष्ट्रात नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमुळे पाणी तपासणीचे क्षेत्रीय संचही गावोगावी पोहोचले.

विज्ञान प्रदर्शनात एक प्रतिकृती हमखास असते : कापलेल्या बाटलीत गोटे, वाळू, कोळसा. वरून गढूळ पाणी ओतले की खालून नितळ पाणी येते आणि पाहुणे खूश होतात. नितळ म्हणजे शुद्ध, ही समजूत या बाटलीनेच पक्की होते. ती मोडणे हे शिक्षकाचे खरे काम.

पाणी निवळण्याची रीत आपल्याकडे जुनी. माठाच्या आतल्या बाजूला निवळीची बी उगाळत, नाहीतर पाण्यात तुरटी फिरवत. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळवणाऱ्या सात वस्तू दिल्या आहेत, त्यांत कतक म्हणजे ही निवळी आहे. वर्गात हाच प्रयोग मापाने करता येतो. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवली की त्या द्रावणाचा १ मिलिलिटर एक लिटर नमुन्यात १० मिलिग्रॅमची मात्रा देतो. आषाढातल्या नदीचे तांबडे पाणी पाच भांड्यांत घेऊन वेगवेगळ्या मात्रा टाकाव्यात, मिनिटभर जोरात आणि पुढे पंधरा मिनिटे संथ ढवळून अर्धा तास ठेवावे. चिखलाचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात व तळाशी बसतात. सर्वांत जास्त तुरटीचे भांडे सर्वांत नितळ असेलच असे नाही, हे पाहून मुले चकित होतात. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीची मात्रा ठरवतात ती अशाच चाचणीने.

निवळलेल्या पाण्यात जंतू उरतात. त्यांच्यासाठी गावात टीसीएल पावडर, म्हणजे विरंजक चूर्ण, वापरतात. ताज्या चुर्णात उपलब्ध क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो. दहा हजार लिटरच्या टाकीत लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन हवा असेल तर सुमारे ३० ग्रॅम पावडर लागते. पोते उघडे राहून क्लोरीन २० टक्क्यांवर आला असेल तर ५० ग्रॅम. शेकडेवारीचे इतके जिवंत उदाहरण गणिताच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. टाकलेल्या क्लोरीनपैकी काही भाग पाण्यातली घाण खाऊन टाकते. अर्ध्या तासाने जो उरतो तो अवशिष्ट क्लोरीन. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५०० नुसार तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. गावात तो पाहतात ‘ओटी टेस्ट’ने : ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन आहे. हे रसायन विषारी असल्याने तपासलेले पाणी पिऊ नये व थेंब शिक्षकानेच टाकावेत.

जंतू तपासायला हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली सोपी. विष्ठेतले काही जंतू हा वायू तयार करतात आणि त्याने बाटलीतले पाणी काळे पडते. १९८२ मध्ये भारतीय संशोधकांनी मांडलेल्या या चाचणीत नमुना भरून बाटली २४ ते ४८ तास ठेवतात. पाणी काळे पडले तर विष्ठेच्या प्रदूषणाची शंका घ्यायची. शंकाच, कारण काही विहिरींच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असते आणि थंडीत रंग उशिरा येतो. पक्का निकाल प्रयोगशाळेचा : १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतला जंतू आढळता कामा नये. वापरलेली बाटली फेकण्यापूर्वी तिच्यात टीसीएलचे द्रावण ओतावे.

घरोघरी आलेल्या टीडीएस मीटरचा मात्र उगाच बोलबाला झाला आहे. तो विरघळलेले क्षार मोजतो. जंतूंबद्दल तो काहीच सांगत नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे भूजल खारे असलेल्या भागात, त्याचा आकडा अर्थपूर्ण ठरतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत खरा प्रश्न फ्लोराइडचा. त्याची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५. ते पाणी उकळून उपयोग नाही. वाफ उडून जाते आणि फ्लोराइड उलट दाट होतो.

रसायनांइतकेच महत्त्व पाहणीला. पाणी दूषित होण्याच्या जोखमीनुसार ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते ते स्रोताचा परिसर, गळती, टीसीएलचा साठा हे पाहून. विद्यार्थ्यांनी टाकीपासून नळापर्यंत चालत जावे. जलवाहिनी गटारातून कुठे जाते, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचले आहे का, हे नकाशावर टिपावे. नळाला दिवसातून तासभरच पाणी येते तिथे उरलेला वेळ जलवाहिनी रिकामी असते आणि फटींतून बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून एक नमुना पहिल्या धारेचा आणि दुसरा दहा मिनिटांनंतरचा घ्यावा, दोन्हींवर वेळ लिहून.