‘हळद’ शंभरदा लिहून काय होतं?

सांगलीतल्या हळद किंवा बेदाण्याच्या एखाद्या व्यापाऱ्याची वेबसाइट उघडा आणि अगदी तळाशी जा. ‘सांगली हळद, हळद सांगली, उत्तम हळद सांगली, स्वस्त हळद सांगली’ अशी रांग बऱ्याचदा दिसते. कधी ती पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लपवलेलीही असते. शब्द जितक्या वेळा येईल तितकं पान वर जाईल, हा त्यामागचा समज. तो चुकीचा का आहे, हे दोन छोट्या सूत्रांतून दाखवता येतं.

तुम्ही शोधता तेव्हा गूगल इंटरनेटवर धावत नाही. त्याचे रोबो, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, आधीच पानं वाचून गेलेले असतात आणि त्यांतून एक उलटी सूची तयार असते. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते ना, तशीच: ‘हळद’ या शब्दापुढे तो कोणकोणत्या पानांवर, किती वेळा आणि कुठे आला याची नोंद. ‘राजापुरी हळद’ (हळदीची एक जात) टाइप केलं की दोन शब्दांच्या दोन याद्या निघतात आणि जुळणाऱ्या पानांना गुण दिले जातात.

गुण देताना पहिला प्रश्न, शब्द किती दुर्मीळ आहे? केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली हा विचार मांडला. एकूण पानांना तो शब्द असलेल्या पानांच्या संख्येने भागायचं आणि उत्तराचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम घ्यायचा. समजा, १००० पानं आहेत. ‘सांगली’ त्यांतल्या ५०० पानांवर आहे, तर वजन ०.३०. ‘हळद’ १०० पानांवर, वजन १. ‘राजापुरी’ १० पानांवर, वजन २. हरिपूरच्या जमिनीखालच्या कोठारांचं ‘पेव’ हे नाव एकाच पानावर, वजन ३.

दुसरा प्रश्न, शब्द किती वेळा आला? इथेच रांगेची सगळी मेहनत वाया जाते. लंडनच्या सिटी विद्यापीठात स्टीफन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ‘बीएम२५’ नावाचं सूत्र घडवलं. पानाच्या लांबीसाठीची दुरुस्ती बाजूला ठेवली तर ते असं: शब्दाच्या संख्येला २.२ ने गुणा आणि ‘संख्या अधिक १.२’ ने भागा. एकदा आला तर १, दोनदा १.३८, पाचदा १.७७, वीसदा २.०८, शंभरदा २.१७. हजारदा लिहिलात तरी २.२ ओलांडता येत नाही. पहिल्या पाच उल्लेखांनी जे मिळतं त्यात पुढचे पंचाण्णव जेमतेम ०.४ ची भर घालतात. त्यातच पान लांबलं की लांबीच्या दुरुस्तीत गुण कापले जातात.

आता ‘राजापुरी हळद’ या शोधासाठी दोन पानं तपासू. प्रत्येक शब्दाचं वजन आणि संख्येचे गुण यांचा गुणाकार करायचा, मग बेरीज. पहिल्यावर ‘हळद’ शंभरदा, ‘राजापुरी’ एकदाही नाही: २.१७ गुण. दुसऱ्यावर ‘हळद’ पाचदा (१.७७) आणि ‘राजापुरी’ दोनदा (१.३७५ गुणिले २, म्हणजे २.७५): एकूण ४.५२. जात, प्रत, हळकुंड की पावडर, कर्क्युमिनचं प्रमाण, किमान किती किलो, हा तपशील गिऱ्हाईक खरोखर शोधतं आणि तोच गणितातही जड भरतो. गूगलचं आजचं सूत्र याहून कितीतरी गुंतागुंतीचं आणि गुप्त आहे, पण शब्दांची रांग त्याच्या नियमांत उघड गैरप्रकार मानली जाते. तिच्यामुळे पान खाली ढकललं जाऊ शकतं किंवा यादीतून काढलंही जाऊ शकतं.

मराठीत आणखी एक गोम आहे. यंत्रापर्यंत अक्षराचं चित्र पोचत नाही, संकेतांक पोचतात. युनिकोड ही प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेतांक देणारी पद्धत. तिच्या आधीच्या, छपाईसाठीच्या (डीटीपी) फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसला तरी सूचीत रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी म्हणून नोंदला जातो. युनिकोडमध्येही ‘शेतकऱ्यांसाठी’ मधला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: नुक्ता असलेला ऱ घेऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना शब्द एकच, संकेतांक वेगळे. शोधयंत्राने ते एकरूप केले नाहीत तर शब्दच दोन होतात. म्हणून संपूर्ण साइट एकाच टाइपिंग पद्धतीने (कीबोर्ड लेआउटने) टाइप करा. ‘हळदीचे’, ‘हळदीला’ यांतून मूळ ‘हळद’ ओळखणं यंत्राला इंग्रजीइतकं सोपं नाही, तेव्हा शीर्षकात तरी मूळ रूप हवंच. दरपत्रकाचा फोटो टाकून थांबू नका. तोच मजकूर अक्षरांतही द्या.

दुसऱ्या साइटवरून तुमच्या पानाकडे येणाऱ्या दुव्यांचं (लिंकचं) गणित थोडक्यात. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ साली मांडलेल्या पेजरँकमध्ये दुवा म्हणजे मत, आणि मत देणाऱ्याची स्वतःची पत जितकी जास्त तितकं ते मत जड. विकत घेतलेले हजार दुवे मात्र, गूगलने २०१२ मध्ये क्रमवारीत केलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलापासून, निरुपयोगी ठरतात किंवा अंगाशी येऊ शकतात.

‘तीस दिवसांत पहिला नंबर, खात्रीने’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. अशी हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः सांगतं. जाहिरातीवर खर्च केल्याने जाहिरातींखालच्या नैसर्गिक (बिनपैशाच्या) यादीतली जागा बदलत नाही. अंकशास्त्रानुसार डोमेनचं स्पेलिंग बदलणं आणि मुहूर्तावर साइट सुरू करणं यांचाही या गणिताशी काडीचा संबंध नाही. त्यासाठी पैसे घेणारा तुम्हाला फसवतो आहे.

कामाला सुरुवात तपासणीने करा. साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं मोफत सर्च कन्सोल जोडा, साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) द्या आणि प्रत्येक महत्त्वाचं पान सूचीत आहे का ते पाहा. नसेल तर चाचणीच्या काळात लावलेली ‘नोइंडेक्स’ (हे पान सूचीत घेऊ नका) खूण काढायची राहिली असण्याची शक्यता पहिली, रोबोंनी काय वाचू नये हे सांगणाऱ्या ‘रोबोट्स’ फाइलमधला अडथळा दुसरी. प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक द्या, साधारण ५० ते ६० अक्षरांचं. पानाच्या कोडमधला, वाचकाला न दिसणारा ‘मेटा कीवर्ड’चा रकाना भरत बसू नका, क्रमवारीसाठी तो वापरत नसल्याचं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं. मोबाइलवरून काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका, रुंदी १२०० पिक्सेलवर आणा. पानावरचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा.

परिणामाला काही महिने लागतात. तोवर कन्सोलमध्ये सरासरी स्थान ८ ते १५ असलेले शोध वेगळे काढा. त्या पानांवर गिऱ्हाइकाच्या नेमक्या प्रश्नाचं उत्तर आहे का ते बघा; नसेल तर तिथेच दोन परिच्छेद वाढवा. अगदी नवं पान लिहिण्यापेक्षा याचा फरक लवकर दिसतो.