फोनमधली बॅटरी आणि १९७३चं युद्ध

६ ऑक्टोबर १९७३च्या दुपारी इजिप्तच्या सैन्याने सुएझ कालवा ओलांडला आणि त्याच सुमारास सीरियाचे रणगाडे गोलन टेकड्यांवर चढले. इस्राएलमध्ये तो योम किप्पूरचा, कडक उपासाचा दिवस होता. १९ दिवसांत युद्ध आटोपलं. सौदी अरेबिया किंवा कुवेतच्या एकाही तेलविहिरीवर बॉम्ब पडला नाही. तरीही जगाला चटका बसला तो तेलाचाच.

युद्ध चालू असतानाच, १६ ऑक्टोबरला, आखाती देशांनी तेलाची जाहीर किंमत पिंपामागे ३.०१ डॉलरवरून ५.१२ डॉलर केली. दुसऱ्या दिवशी अरब देशांनी कुवेतमध्ये बसून ठरवलं, की उत्पादन दर महिन्याला ५ टक्क्यांनी घटवायचं. पुढे इस्राएलला मदत करणाऱ्या अमेरिकेचा आणि नेदरलँड्सचा पुरवठाच बंद केला. १ जानेवारी १९७४ला भाव ११.६५ डॉलर होता. गंमत अशी, की भाव चढवण्यात सर्वांत पुढे होता इराणचा शहा, आणि इराण या बहिष्कारात सामीलच नव्हता. संधी दिसली, साधली.

जगाच्या पुरवठ्यातली प्रत्यक्ष घट दहा टक्क्यांहूनही कमी होती. मग भाव जवळजवळ चौपट कसा? कांदा महागला तर आपण कोबीवर भागवतो. तेलाचं तसं नसतं. गाडीच्या टाकीत कोबी घालता येत नाही. ज्याच्याकडे जी गाडी, जो बॉयलर, जो कारखाना आहे, तो उद्याही तेवढंच इंधन पिणार. थोडा माल कमी पडला, की प्रत्येक जण उरलेल्यासाठी वाटेल ती किंमत मोजायला तयार होतो. अर्थशास्त्रात याला मागणीची अलवचिकता म्हणतात. त्यात भीतीने साठे करणारे आले, की भडका उडतो.

पण ही अलवचिकता कायमची नसते. गाड्या दहा-पंधरा वर्षांत भंगारात जातात, वीजकेंद्रं तीस-चाळीस वर्षांत. बदलीची वेळ आली, की माणूस जुना चटका आठवून नवी वस्तू निवडतो. मला या युद्धाचा खरा इतिहास तहांच्या मसुद्यांपेक्षा या वस्तूंमध्ये जास्त दिसतो. (तह झालेच: इजिप्त सोव्हिएत गोटातून अमेरिकेच्या गोटात गेला, १९७९मध्ये इस्राएलशी करार केला, सिनाई द्वीपकल्प परत मिळवलं, आणि करार करणारे राष्ट्राध्यक्ष सादात १९८१मध्ये त्याच ६ ऑक्टोबरच्या संचलनात मारले गेले.)

फ्रान्सने मार्च १९७४मध्ये अणुवीजकेंद्रांचा प्रचंड कार्यक्रम जाहीर केला. आज तिथली साधारण दोन तृतीयांश वीज अणुभट्ट्यांतून येते. डेन्मार्क तेलावर जवळपास पूर्ण विसंबून होता. त्याने पवनचक्क्या धरल्या आणि आता त्याची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्याची आहे. ब्राझीलने १९७५मध्ये उसाच्या अल्कोहोलवर, म्हणजे इथेनॉलवर, गाड्या चालवायचा घाट घातला. आपल्या साखर कारखान्यांच्या आवारात आज इथेनॉलचे टँकर उभे दिसतात, त्या वाटेने सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर चालून दाखवलं ते ब्राझीलनेच.

फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीची गोष्ट जरा सावकाश सांगण्यासारखी आहे. तेलानंतर काय, या चिंतेने एक्सॉन ही तेल कंपनीच पर्याय शोधत होती. १९७२मध्ये तिथे रुजू झालेल्या स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांच्या हाती टायटॅनियम डायसल्फाइड हा पदार्थ लागला. त्याची रचना पोथीसारखी, एकावर एक सुटी पानं. लिथियमचे आयन (विद्युतभारित कण) या पानांमध्ये अलगद शिरतात आणि पोथी न विस्कटता बाहेरही येतात. आत शिरले की वीज मिळते, बाहेर काढले की बॅटरी पुन्हा भरते. विजेवरच्या गाडीसाठी हेच तर हवं होतं. पण ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तेल स्वस्त होऊ लागलं आणि कंपनीने काम गुंडाळलं. ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडची पोथी शोधली, जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी धातूरूप लिथियमऐवजी कार्बन वापरून बॅटरी सुरक्षित केली, आणि १९९१मध्ये ती बाजारात आली. तिघांना २०१९चं नोबेल मिळालं. तेलाच्या धास्तीने सुरू झालेलं काम तेलाच्या स्वस्ताईने थांबवलं, हे मला फार बोलकं वाटतं.

आणि तेल स्वस्त का झालं? कमी पिणाऱ्या गाड्या, अणुवीज, उत्तर समुद्रातलं आणि अलास्कातलं नवं तेल. १९७९च्या इराणी क्रांतीनंतरच्या दुसऱ्या भाववाढीने या सगळ्याला आणखी रेटा दिला. ग्राहक हळूहळू पांगले. १९८०मध्ये दिवसाला सुमारे एक कोटी पिंपं काढणाऱ्या सौदी अरेबियाचं उत्पादन १९८५पर्यंत निम्म्याहून खाली आलं. तेलाचं शस्त्र उपसलं खरं, पण त्याची धार पुढे उपसणाऱ्यालाही लागली.

भारतात तेव्हा काय होतं? महागाई आधीच पेटलेली होती. १९७२च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला होता, मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यात तेलाची भर पडली, आणि १९७४-७५मध्ये घाऊक किमती सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या. तेलाबरोबर खतंही महागली, कारण युरियासाठी लागणारा अमोनिया खनिज तेलातून निघणाऱ्या नाफ्थापासून किंवा नैसर्गिक वायूपासून बनतो.

फेब्रुवारी १९७४मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या जहाजाला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखालच्या चुनखडकात तेल सापडलं. युद्धामुळे बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र सापडलं असं कधीकधी सांगतात, ते खरं नाही. तिथली भूकंपलहरींची पाहणी साठच्या दशकातली आणि जहाजही युद्धाआधीचं. पण त्या भावामुळे घाई आली, आणि २१ मे १९७६ला तेल वाहू लागलं. पुढे तिथल्याच वायूवर अलिबागजवळच्या थळचा खत कारखाना उभा राहिला. दुसरीकडे चौपट भावाचा पैसा आखातात रस्ते, बंदरं, इमारती उभारू लागला आणि रायगड-रत्नागिरीतले, गोव्यातले कितीतरी तरुण तिकडे कामाला गेले. कोकणातली अनेक पक्की घरं त्या पैशांतून बांधली गेली आहेत.

श्रीमंत देशांनी १९७४मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था काढली आणि पुढे ९० दिवसांच्या आयातीइतका साठा बाळगायचा नियम केला. अमेरिकेने तेल जमिनीखालच्या मिठाच्या थरांतल्या पोकळ्यांत भरलं. आपण विशाखापट्टणम, मंगळुरू आणि उडुपीजवळच्या पादूरला कठीण खडक पोखरून गुहा केल्या. या गुहांना आतून पोलादी अस्तर नाही. त्या भूजलाच्या पातळीखाली आहेत. वरून आडव्या छिद्रांतून खडकाच्या फटींमध्ये पाणी सतत भरलेलं ठेवतात. पाण्याचा दाब तेलापेक्षा जास्त, म्हणून तेल बाहेर झिरपत नाही, उलट पाणीच थेंबथेंब आत येतं आणि ते उपसून काढतात. तिन्ही ठिकाणी मिळून ५३.३ लाख टन तेल मावतं. तेल कंपन्यांच्या टाक्यांतला साठा वेगळा धरला, तर या गुहा काठोकाठ भरल्या तरी २०१९-२०च्या खपाप्रमाणे देशाची साधारण साडेनऊ दिवसांची गरज भागते.