सामुदायिक हरितगृह (नागपूर)

सामुदायिक हरितगृह म्हणजे वस्तीतल्या लोकांनी मिळून रिकाम्या जागेवर उभारलेलं आणि मिळूनच चालवलेलं, पन्नी (प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद) किंवा जाळीनं झाकलेलं रोपा-भाजीचं घर. थंड देशात त्याचं मुख्य काम आतली ऊब धरून ठेवणं. नागपुरात तेच डिझाइन जसंच्या तसं उचललं तर मे महिन्यात आतलं सगळं उकडून निघेल, कारण 23 मे 2013 ला इथं 47.9 डिग्री नोंदलं गेलं होतं आणि बंद पन्नीच्या आत बाहेरच्यापेक्षा 5-10 डिग्री जास्त सहज होतं. म्हणून इथलं हरितगृह आधी सावलीचं घर, उबेचं नंतर. पण उबेचं काम अगदीच नाही असंही नाही, 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 वर उतरला होता, अशा रात्री भेदऱ्याची (टोमॅटोची) नि मिरचीची रोपं पन्नीखालीच बरी.

जागेचं म्हणाल तर लेआउटमधले ओपन स्पेस आणि वर्षानुवर्षं गाजरगवतात पडलेले प्लॉट नागपुरात भरपूर दिसतात. मालकी महापालिकेची, नागपूर सुधार प्रन्यासची, सोसायटीची की खासगी हे आधी पाहायचं आणि परवानगी लेखीच घ्यायची. सांगाडा नटबोल्टचा, जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा ठेवायचा, म्हणजे उद्या जागा सोडावी लागली तर खोलून दुसरीकडे नेता येतो. नाल्याकाठचा प्लॉट फुकट मिळाला तरी घेऊ नये, सप्टेंबर 2023 मधे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी लोकांच्या घरात शिरलं होतं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आणि अशा प्लॉटवर मलबा टाकलेला असतो, कचरा जाळलेला असतो, तर खायची भाजी थेट त्या मातीत न लावता बाहेरून माती नि गांडूळखत आणून उंच वाफे करायचे किंवा ग्रो बॅग वापरायच्या.

काळ्या मातीची वेगळीच भानगड आहे, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे वरवर रोवलेले खांब दोन वर्षांत वाकडे होतात, खड्डा खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. छपराला वर लांब फट ठेवतात, तिथून गरम हवा निघून जाते, आणि फटीचं तोंड पूर्वेकडे करतात कारण उन्हाळा-पावसाळ्यात वारा जास्त करून पश्चिमेकडून येतो, समोरून घुसला तर मार्च-एप्रिलच्या वादळात अख्खी पन्नी उचलून नेईल. बाजूला गुंडाळता येणारे पडदे, त्यांच्या आत 40 मेशची (इंचाला 40 भोकांची) कीटकजाळी, वर 200 मायक्रॉन जाडीची यूव्हीवाली, म्हणजे उन्हात लवकर न फाटणारी पन्नी. 50 टक्के सावलीची शेडनेट पन्नीच्या बाहेरून, थोडं अंतर सोडून बांधायची, ऊन आत शिरायच्या आधी अडलं तरच उपयोग. दिवाळीनंतर ती काढून ठेवायची.

थंडाव्याची युक्ती नागपूरकराला शिकवायची गरज नाही, घरोघरी कूलर आहेतच. हरितगृहात त्याला फॅन-पॅड म्हणतात, एका भिंतीला ओले पॅड नि समोरच्या भिंतीला हवा बाहेर ओढणारे पंखे. मेमधे 44 डिग्री आणि आर्द्रता 15 टक्के असली की ओल्या पॅडमधून येणारी हवा हिशोबानं 23-24 पर्यंत उतरू शकते, प्रत्यक्षात 28-30 मिळाली तरी खूप. जुलैत मात्र हवाच दमट, तेव्हा कूलर जसा नुसता चिकचिक करतो तसंच इथंही होतं, मग पडदे वर गुंडाळून वाऱ्यावरच भागवायचं. विजेचं बिल पाहता बहुतेक वस्त्यांनी फक्त शेडनेटवरच सुरुवात करावी असं माझं मत आहे, फॅन-पॅड रोपवाटिकेच्या एका कोपऱ्यापुरतं पुरे.

पाणी छपरावरून घ्यायचं. 100 चौरस मीटर छपरावर 1000 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लाख लिटर, नागपुरात सरासरी पाऊस त्याहून थोडा जास्तच. टाकी झाकलेली हवी, नाहीतर डासांची पैदास आणि डेंग्यू. वाफ्यांना ठिबक.

काय लावायचं? सांभार (म्हणजे कोथिंबीर), पालक, मेथी. मे-जूनमधे सांभाराचा भाव कुठं जातो हे बाजारात जाणाऱ्या काकूंना विचारा, तेव्हा जाळीखालचा एक वाफा सगळ्या गल्लीला पुरतो. तापमान 35 च्या वर गेलं की भेदऱ्याचे परागकण निकामी होतात, फुलं गळतात, म्हणून ते हिवाळ्यातच. दोडका, कारलं, लौकी (दुधी) जाळीच्या आत लावून फळं येत नाहीत असं बरेच जण म्हणतात, कारण साधं आहे, जाळीनं किडीसोबत मधमाशा नि पतंगही अडवले, तर हे वेल बाहेर मांडवावर चढवायचे किंवा हातानं परागीभवन करायचं, कारल्याचं सकाळी आणि दोडका-लौकीचं संध्याकाळी, कारण त्यांची फुलं तेव्हा उमलतात.

जागा नि पैसा जुळूनही जिथं हे बंद पडतं तिथं बहुतेक पाण्याची पाळी चुकलेली असते. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), नेमकी मुलांच्या सुट्ट्यांत अर्धी गल्ली गावाला गेलेली असते, आणि एक दिवस पाणी द्यायचं राहिलं की ग्रो बॅगमधली रोपं संध्याकाळपर्यंत माना टाकतात. म्हणून मेची पाळी मार्चमधेच लिहून भिंतीवर लावायची, किल्ल्या तीन घरी ठेवायच्या, आणि ठिबकला टायमर बसवायचा.