‘बिली जीन’च्या व्हिडिओत मूनवॉक नाहीच!

मूनवॉक, म्हणजे पुढे चालल्याचा भास देत मागे सरकण्याची चाल, मायकल जॅक्सनने शोधला आणि ‘बिली जीन’ या गाण्याच्या व्हिडिओत पहिल्यांदा दाखवला, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. दोन्ही चूक. व्हिडिओ पुन्हा लावून बघा, सापडणार नाही. मूनवॉक केला तो मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या पंचविशीच्या कार्यक्रमात. गाणं मात्र हेच, म्हणून गोंधळ! अमेरिकी टीव्हीवर तो दिसला १६ मे १९८३ रोजी. आणि बिल बेली हे नर्तक ही चाल १९५०च्या दशकातच करत होते.

मग व्हिडिओने काय केलं? पाय पडेल ती फरशी उजळते. पाळतीवरचा माणूस फोटो काढतो, पण फोटोत मायकल येतच नाही. कॅमेऱ्यालाही हुलकावणी देणारा तारा! ही किमया नाचाइतकीच दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन यांच्या मांडणीची.