'सेकाचू'च्या मागची चाळीस वर्षं

८ मे २००४ रोजी जपानमध्ये दिग्दर्शक इसाओ युकिसादा यांचा 'सेकाई नो चूशिन दे, आइ ओ साकेबू' हा सिनेमा लागला. नाव लांबलचक, म्हणून प्रेक्षकांनी त्याचं 'सेकाचू' करून टाकलं. शिकोकू बेटावरच्या किनारी गावातली साकुतारो आणि आकी ही शाळकरी जोडी. वॉकमनवर ऐकायच्या कॅसेटींमध्ये ती दोघं एकमेकांसाठी बोलून ठेवतात. आकीला ल्युकेमिया होतो. तिची शेवटची कॅसेट साकुतारोपर्यंत पोचायला मात्र कित्येक वर्षं जातात. तिकीटबारीवर सिनेमाने सुमारे ८५० कोटी येन मिळवले आणि जपानभर अशा 'शुद्ध प्रेमा'च्या कथांची लाट आली.

रडवणारा सिनेमा म्हणून त्याची बोळवण करणाऱ्यांनी त्याचं मूळ बघायला हवं.

आजारी मुलगी आणि तिचा तरुण प्रियकर ही जोडी जपानला नवी नव्हती. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ओसाकातल्या एका रुग्णालयात ओळख झालेल्या दोन विद्यार्थ्यांचा तीन वर्षांचा खराखुरा पत्रव्यवहार, मुलीच्या मृत्यूनंतर १९६३च्या अखेरीस पुस्तकरूपाने आला. पुढल्या वर्षी तेच देशातलं सर्वाधिक खपाचं पुस्तक ठरलं, आणि त्यावरच्या सिनेमात अभिनेत्री सायुरी योशिनागा झळकल्या.

त्या पत्रांना उत्तर देणारं माणूस जिवंत होतं. दिग्दर्शक शुंजी इवाई यांनी १९९५च्या 'लव्ह लेटर' या सिनेमात नेमकं हेच उलटवलं. गिर्यारोहणात गेलेल्या प्रियकराच्या स्मृतिविधीनंतर हिरोको त्याच्या ओतारू शहरातल्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकते. ते घर पाडून तिथे रस्ता झाला आहे असं तिला सांगितलेलं असतं, म्हणजे पत्र कुणाला मिळणारच नाही. तरी उत्तर येतं, त्याच नावाच्या, त्याच्याच वर्गात शिकलेल्या एका मुलीकडून. दोन्ही भूमिका मिहो नाकायामा यांच्या. माझ्या मते तिथे या प्रकाराला पहिल्यांदा खरी खोली मिळाली. मरण आधीच होऊन गेलंय, त्यामुळे रुग्णशय्येचा आधार नाही. शाळेच्या ग्रंथालयातल्या कार्डांवरून एका मुलाचं न बोललेलं प्रेम हळूहळू उलगडत जातं, आणि ज्या मुलीला ते कळायला हवं होतं तिला ते इतक्या वर्षांनी कळतं.

सिनेमा लागला मार्च १९९५मध्ये. कथेतली हिरोको कोबेची, आणि त्याच जानेवारीत कोबे भूकंपाने उद्ध्वस्त झालं होतं. दक्षिण कोरियात तेव्हा जपानी चित्रपटांवर बंदी होती, तरी चोरट्या व्हिडिओ कॅसेटींवरून तिथल्या विद्यार्थ्यांनी तो पाहिला. १९९८पासून बंदी सैल होत गेली, १९९९मध्ये तो रीतसर प्रदर्शित झाला आणि दहा लाखांहून अधिक तिकिटं विकली गेली.

'लव्ह लेटर'चे सहायक दिग्दर्शक होते इसाओ युकिसादा. छायाचित्रण नोबोरू शिनोदा यांचं. 'सेकाचू'चंही त्यांचंच, आणि तो लागल्यावर महिन्या-दीड महिन्यातच ते गेले. दोन्ही सिनेमांतला प्रकाश सारखा मऊ का वाटतो, त्याचं कारण एवढं सरळ आहे.

'सेकाचू'ची मूळ कादंबरी क्योइची कातायामा यांची, २००१ची. पहिली आवृत्ती फक्त आठ हजारांची होती. अभिनेत्री को शिबासाकी यांनी एका मासिकात मनापासून शिफारस केल्यावर ती धडाक्यात खपू लागली. सिनेमात शिबासाकी साकुतारोची वाग्दत्त वधू रित्सुको झाल्या. ही रित्सुको कादंबरीत नाहीच. आकीची कॅसेट लहानपणी जिच्या हातून पोचवायची राहून गेली, ती हीच. उशिरा हाती येणाऱ्या निरोपाचं महत्त्व युकिसादा इवाईंच्या हाताखाली शिकले असणार, असं मला ठामपणे वाटतं.

लाटेवर स्वार झालेल्या बहुतेकांनी मात्र फक्त आजार उचलला. २००५मध्ये 'सेकाचू'ची कोरियन आवृत्ती निघाली, २००७मध्ये मोबाइलवर लिहिल्या-वाचल्या गेलेल्या कादंबरीवरचा 'कोइझोरा' आला. त्यात प्रियकराला कर्करोग होतो, आणि तोही तुफान चालला.