दारू आणि मनाच्या त्रासाची प्रश्नावली (कोकणपट्टी)

दवाखान्यात आलेल्या माणसाला ठरलेले प्रश्न विचारायचे, उत्तरांना मार्क द्यायचे आणि डिप्रेशन, चिंता किंवा दारूचा त्रास असण्याची शक्यता कितपत आहे ते बघायचं, अशी ही पद्धत. यातून निदान होत नाही, कोणाशी अजून नीट बोलायला हवं एवढंच कळतं, आणि हे लोक सर्रास विसरतात. कोकणात हिचा उपयोग जास्त, कारण इथे डिप्रेशन आहे म्हणून कोणी येतच नाही, येतात ते झोप नाही, छातीत धडधडतं, अंगात त्राण नाही म्हणून, आणि दारूचा विषय तर बायकोने काढल्याशिवाय निघत नाही.

डिप्रेशनसाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली सगळ्यात जास्त चालते. २००१ मध्ये आली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७, आणि १० किंवा वर गेलं की डॉक्टरांनी सविस्तर बघायचं. पण झोप, थकवा, भूक हे पण त्यातच मोजतात, त्यामुळे रात्री बोटीवर जागणारा खलाशी किंवा अंगात रक्त कमी असलेली बाई यांचे मार्क उगाच वर जाऊ शकतात. पहिले दोनच प्रश्न घेतले की पीएचक्यू-२, आशाताई तिशीच्या वरच्या लोकांचा आजारांचा धोका बघायला जो सीबॅक फॉर्म भरतात त्याच्या नव्या नमुन्यात हे दोन आहेत. चिंतेसाठी जीएडी-७, ही सात प्रश्नांची.

दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची प्रश्नावली, १० प्रश्न, ४० मार्क. ८ पासून पुढे धोक्याचं पिणं, २० पासून पुढे व्यसन जडल्याची शंका. घाईत केज ही छोटी प्रश्नावली, चारच प्रश्न: कमी करावीशी वाटली का, कोणी बोललं की राग येतो का, अपराधी वाटतं का, सकाळी उठल्या उठल्या लागते का. दोन हो आले की पुढे चौकशी.

गोची होते ती मोजण्यात. ऑडिटचा तिसरा प्रश्न, एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक किती वेळा? माणूस लगेच म्हणणार, सहा? छे हो, रोज नाय आणि घेतली तरी एक क्वार्टरच. आता इथे एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल, साधारण ३० मिलीचा पेग, म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टरमध्येच सहा झाले की! विचारणाऱ्याने हा हिशोब केला नाही तर शून्य लिहून मोकळा. माडीचं तर अजून अवघड, ती उतरवल्यापासून आंबत जाते तशी चढत जाते, आणि हातभट्टीच्या बाटलीवर टक्के कोण लिहिणार.

दुसरं म्हणजे विचारायचं कुठे. ओटीवर सासू बसलेली असताना सुनेला 'उदास वाटतं का' विचारलं तर उत्तर ठरलेलं, सगळं बरं आहे.

मार्क काढून फॉर्म फायलीत लावला तर सगळा उपद्व्याप फुकट. गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगत संस्थेने पुढे काय करता येतं हे चांगलं दाखवलं, प्राथमिक आरोग्य केंद्रांत पीएचक्यू-९ आणि ऑडिटने माणसं हेरली आणि मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण ट्रेनिंग दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी थोड्या बैठकांत त्यांच्याशी काम केलं. त्याचे निकाल २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, डिप्रेशनवाल्यांची लक्षणं कमी झाली आणि दारूवाल्यांत न पिणाऱ्यांचं प्रमाण वाढलं.

पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करायच्या विचारांचा. त्याला शून्य सोडून काहीही आलं तर एकूण मार्क कितीही कमी असोत, तिथेच थांबून एकांतात विचारायचं, काही ठरवलंय का, घरात फवारणीचं औषध आहे का (आंबा-काजूवाल्यांकडे असतंच), माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. रत्नागिरीत सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि लांबच्या वाडीवरून फोनवर बोलायचं तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, फुकट, मराठीतून.