चिवट मूत्रमार्गशोथ : उपचार व व्यवस्थापन

मूत्राशयातील लघवी बाहेर नेणाऱ्या मार्गाला आलेली दाहयुक्त सूज औषधांचा पहिला क्रम संपल्यावरही टिकते किंवा थोड्या आठवड्यांत उलटते, तेव्हा तिला चिवट मूत्रमार्गशोथ म्हणतात. लघवीची जळजळ, मार्गाच्या तोंडाशी खाज आणि पुरुषांत पातळ स्राव ही तिची लक्षणे. ‘उन्हाळे लागले’ म्हणून धण्याचे पाणी पिऊन ती अंगावर काढली जातात. त्याने जळजळ सौम्य होते, पण संसर्ग तसाच राहतो.

दुसरे प्रतिजैविक सुरू करण्याआधी तपासणी हवी. लघवीच्या नेहमीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत) क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधातून पसरणारा जंतू वाढतच नाही, त्यामुळे ‘जंतू नाहीत’ हा अहवाल अनेकांची दिशाभूल करतो. लघवीची पहिली धार घेऊन केलेल्या, जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआरसारख्या चाचणीत तो सापडतो.

चिवट दुखण्यामागे बरेचदा मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हा असाच संबंधातून पसरणारा जंतू असतो. १९८१ मध्ये प्रथम वर्णन झालेल्या या जंतूला पेशीभित्तिकाच (पेशीभोवतीची भिंत) नसते. म्हणून तिच्यावरच घाला घालणारी पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन गटातील औषधे त्यावर निरुपयोगी ठरतात. सरकारी दवाखान्यांत अनेक वर्षे दिल्या गेलेल्या राखाडी किटमध्ये (अशा संसर्गासाठीच्या औषधांच्या तयार पुड्यात) अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम व सेफिक्झिम ४०० मिग्रॅ. असे. अझिथ्रोमायसिनच्या अशा एकाच मात्रेने हा जंतू अनेकदा मरत नाही, उलट त्या औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून आता आधी डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ. दिवसातून दोनदा ७ दिवस आणि प्रतिरोध असल्यास किंवा तो तपासता येत नसल्यास त्यानंतर मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ४०० मिग्रॅ. रोज ७ दिवस, असा क्रम सुचवतात. ट्रायकोमोनास हा परजीवी आढळल्यास मेट्रोनिडॅझोल देतात. या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

सर्वांत जास्त हेळसांड होते ती जोडीदाराच्या उपचाराची. नवरा गोळ्या घेतो, बायकोला काहीच सांगत नाही आणि दुखणे परत येते. मागील ६० दिवसांतील जोडीदारांची तपासणी व उपचार व्हावेत आणि दोघांचे औषध पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावेत. शासकीय रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये ही सेवा गोपनीय व मोफत मिळते. स्त्रियांमध्ये संसर्ग गर्भाशय व बीजवाहिन्यांपर्यंत चढून वंध्यत्व येऊ शकते, म्हणून हा संकोच महागात पडतो.

चाचण्या निर्दोष असतील आणि स्रावात पांढऱ्या पेशी नसतील, तर प्रतिजैविके थांबवावीत. अशा वेळी कॅथेटरची (लघवीसाठी घातलेल्या नळीची) इजा, सुवासिक साबण, शुक्रजंतुनाशक मलम ही कारणे शोधावी लागतात. लघवीची धार बारीक झाली असल्यास मार्ग आकसल्याची शंका घेऊन क्ष-किरण चित्र काढतात. आकसलेला भाग रुंदावतात किंवा शस्त्रक्रियेने नव्याने घडवतात.